आमची वाटचाल: फुटपाथ, झाडं आणि एक अडकलेलं बिल

सुरुवातीला आम्ही दोघंच, मी आणि मामा. सख्खे नव्हेत, नर्सरीवाले, पण पहिल्या दिवसापासून मी मामाच म्हणतो. भर बाजारपेठेतले रस्ते चालणाऱ्यांसाठी नीट करायचे आणि तिथं जगतील अशी झाडं लावायची, एवढंच काम धरायचं असं ठरवलं होतं. बंगल्यांच्या बागांची कामं चालून आली, नाही घेतली.

मामांची पहार अजून ऑफिसात दाराशी उभी आहे. साइटवर गेलं की आधी पहार मारायचे. हातभर खाली गेली तर ठीक, टणकन आवाज येऊन वर उसळली तर म्हणायचे, "साहेब, इथं आधी माती, मग झाड." दाबून घट्ट झालेल्या मातीत ना हवा जाते ना पाणी, मुळं घुसणार कुठून? माती किती घट्ट आहे हे मोजायला पेनेट्रोमीटर मिळतो, आम्ही पुढे घेतलाही, पण मामांची पहार क्वचितच चुकली.

मधली सात-आठ वर्षं बरी गेली. मग ते पेठेतलं काम आलं.

डिझाइन आम्ही जीव ओतून केलं होतं. चालायला सलग १.८ मीटर मोकळं, म्हणजे दोन व्हीलचेअर आरामात शेजारून जातात. खांब, डबे, बाकडी, झाडं सगळं कर्बलगतच्या, म्हणजे फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेच्या एका पट्ट्यात. कोपऱ्यांची गोलाई कमी केली, त्यानं गाड्या वळताना हळू होतात आणि रस्ता ओलांडायचं अंतरही घटतं. फुटपाथवर चढायच्या उताराला १:१२, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढ. आणि फरशीखाली खडी-मातीचं मिश्रण, कॉर्नेल विद्यापीठात १९९० च्या दशकात तयार झालेलं, वजनानं साधारण चार भाग खडी, एक भाग माती. भार खडी घेते, मुळं फटींमधून पसरतात, फरशी उचलली जात नाही.

आमच्याकडेच शिकलेला एक मुलगा तोवर बाहेर पडून स्वतःची फर्म काढून बसला होता. त्यानं काम देणाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन पटवलं की हे खडी-माती प्रकरण उगाच खर्चिक आहे, साधे खड्डे पुरतात. आमचं डिझाइन कागदावर राहिलं, काम त्याच्या सल्ल्यानं झालं, आणि बोर्डवर नाव मात्र आमचं. दुसऱ्या उन्हाळ्यात ६४ पैकी ४१ झाडं वाळली. पत्र आलं, "डिझाइन चुकलं". बिल १४ महिने अडकलं, मोठे नकाशे छापायचा प्लॉटर विकला, दोन जणांना जा म्हणून सांगावं लागलं. तो दिवस मी विसरणार नाही.

त्या पेठेत एक औषधांचे दुकानदार आहेत, पार्किंग जाणार म्हणून आधी सगळ्यात जास्त भांडलेले. तेच म्हणाले, माझ्या दारातलं झाड खणा, परवानगी मी आणतो. आणलीही. मामा आणि मी सकाळी सहाला खणायला बसलो. खोड वीतभर मातीत पुरलेलं, बुंधा जिथं पसरून मुळांना मिळतो ती जागा दिसतच नव्हती. त्याखाली काळी पिशवी, न फाडलेली, आत मुळं दोरीच्या वेटोळ्यासारखी गोल गोल फिरलेली. त्याच्याही खाली राडारोडा, फरशीचे तुकडे. मामा काही बोलले नाहीत, पिशवी हातात धरून बसून राहिले.

म्हणून सांगतो, कुणी लावत असाल तर खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद घ्या, खोल मात्र गोळ्याइतकाच. पिशवी काढा, गुंडाळलेली मुळं कापा. आळं मोकळं ठेवा, खोडापर्यंत सिमेंट नको. आधाराची काठी वर्षभरानं काढा. आणि अख्खा रस्ता एकाच जातीचा करू नका, एक कीड आली की सगळा जातो.

तो मुळांचा गोळा पोत्यावर ठेवून आम्ही मीटिंगच्या टेबलावर नेला. दोन महिन्यांत बिल निघालं. नवी झाडं आमच्या पद्धतीनं लागली, आज दुकानदार दुपारीही शटर पूर्ण उघडं ठेवतात, बाहेर सावली असते. पण फाइलमधलं "डिझाइन चुकलं" हे पत्र कुणी मागे घेतलेलं नाही. ते मागे घ्या म्हणून आम्ही दरवर्षी लेखी कळवतो, यंदाचंही पत्र गेलंय, पोच माझ्याकडे आहे.