काट्यावरचा आकडा

पारोळ्याजवळच्या एका गावात आमचा साक्षरता वर्ग रात्री साडेआठला भरतो. त्याआधी जमतच नाही. दिवसभर कापूस वेचायचा, घरी येऊन भाकरी थापायच्या, लेकरांना जेवू घालायचं, मग या बाया येतात. बहुतेक जणी विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या.

वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, म्हणून आम्ही मुळाक्षरांआधी आकडे घेतले. बरोबरच केलं. आज एकीने सांगितलं, काट्यावरचे २७ किलो तिने स्वतः वाचले, १० रुपयांच्या भावाने २७० होतात म्हणाली आणि तेवढे मोजून घेतले. इतकी वर्षं दुसरा सांगेल तोच आकडा!

मग संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज काढला. महिन्याचे १,५०० रुपये तिला फार मोठे आहेत. पण उत्पन्नाच्या दाखल्यापासून प्रत्येक कागद वाचून घ्यायला तिला कुणाकुणाच्या दारात उभं राहावं लागलं, याचा मला खरंच राग येतो.

अंगठ्याच्या जागी तिने सही केली. सावकाश, ओठ दाबून. मांडीवर धाकटी झोपलेली. कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, "ताई, हाई मन्हं नाव शे ना?"

हो गं बाई, तुझंच.