रात्रपाळी सुटताना

14 मार्च, पहाटे 5:50

आज पहाटे 4 वाजता साखर कारखान्यातली माझी पाळी सुटली, तेव्हा वजनकाट्यासमोर उसाच्या फक्त 11 गाड्या उभ्या होत्या. नोव्हेंबरात हीच रांग पलूसच्या रस्त्याला जाऊन भिडते आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज प्रयोगशाळेपर्यंत ऐकू येतो. हंगाम आता फार तर चार दिवसांचा उरला आहे. त्यानंतर गव्हाण, म्हणजे मिलकडे ऊस नेणारा पट्टा, रिकामी होईल, मिल थांबेल आणि शिफ्ट केमिस्ट म्हणून माझी रात्रपाळीही बहुधा कायमची संपेल, कारण व्यवस्थापनाने मला डेप्युटी चीफ केमिस्टची जागा देऊ केली आहे. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचे आहे. पगार वाढेल, सकाळी 8 ते संध्याकाळी 5 अशी वेळ राहील, आणि गेली चौदा वर्षे ज्या जागेकडे मी पाहत आलो ती हीच जागा आहे. तरीही परवापासून मी अस्वस्थ आहे, आणि त्याचे कारण मला स्वतःलाही आज पहाटेपर्यंत नीट सांगता आले नसते.

साखर कारखान्याच्या पाळ्या 4 ते 12, 12 ते 8 आणि 8 ते 4 अशा असतात. त्यामुळे तीन आठवड्यांपैकी दोन आठवडे मी पहाटे चारच्या सुमारास उघड्या आकाशाखाली असतो, एका आठवड्यात कामावरून परतताना आणि दुसऱ्यात कामावर जाताना. आकाश पाहण्याचा छंद मी ठरवून लावून घेतला नाही. या वेळापत्रकानेच तो मला दिला. हंगामाच्या पहिल्या दिवसांत, म्हणजे 1 नोव्हेंबरच्या आसपास, पहाटे चारला मृग नक्षत्र माथ्यावरून नुकतेच पश्चिमेकडे कललेले असते, व्याध दक्षिणेला उंच झळकत असतो आणि त्याच्या बऱ्याच खाली अगस्ती दिसतो. आज त्याच वेळी, त्याच जागी उभे राहिल्यावर मृगाचा मागमूस नव्हता. स्वाती माथ्याजवळ होती, चित्रा नैर्ऋत्येकडे उतरत होती, आणि आग्नेयेला वृश्चिकाची नांगी पूर्ण वर आली होती. पूर्व क्षितिजालगत फाल्गुन वद्यातली बारीक चंद्रकोर होती. पृथ्वीला स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करायला 23 तास 56 मिनिटे लागतात. सूर्याभोवती ती तेवढ्या वेळात थोडी पुढे सरकलेली असल्यामुळे सूर्य पुन्हा त्याच जागी यायला आणखी 4 मिनिटे जातात. म्हणून प्रत्येक तारा रोज सुमारे 4 मिनिटे लवकर उगवतो. एका रात्रीत हा फरक कळत नाही. महिन्याला तो दोन तासांचा होतो, आणि साडेचार महिन्यांच्या हंगामात मृगाच्या जागी स्वाती येते.

बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीतल्या एका आजीबाईंना यातले गणित माहीत नव्हते, पण सप्तर्षींतल्या पुढच्या चौघांना त्या बाज, म्हणजे खाट, म्हणत आणि मागच्या तिघांना तीन चोर. बाज कुठे कलली आहे हे पाहून त्या फडावर जाण्यासाठी माणसांना उठवत. मी त्यांना त्या तीन चोरांच्या वाकातून पुढे स्वाती कशी सापडते ते दाखवले होते. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "व्हय, ही तर रोजचीच हाय." त्यांची ओळख माझ्यापेक्षा जुनी होती.

कारखान्याच्या आवारातून काहीच दिसत नाही. फाटकातून बाहेर पडून काट्याच्या दिव्यांकडे पाठ करायची, पाणंदीने कालव्यापर्यंत जायचे आणि डोळ्यांना वेळ द्यायचा. डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी दहाएक मिनिटांत अंधाराला सरावतात, पण अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशींना किमान 20 ते 30 मिनिटे लागतात, आणि मोबाइलचा पांढरा पडदा एकदा डोळ्यांसमोर आला की ती सगळी तयारी वाया जाते. मी म्हणूनच मंद लाल दिवा वापरतो. आज अर्ध्या तासाने दक्षिणेकडे पाहिले. आपण सुमारे 17 अंश उत्तर अक्षांशावर आहोत, म्हणून नरतुरंग या तारकासमूहातले मित्र आणि मित्रक हे तारे इथून दिसतात. हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोड्याशाच उंचीवर, उसाच्या तुऱ्यांना जवळजवळ टेकून. मित्र हा सूर्याला सोडून आपल्याला सर्वांत जवळची ताऱ्यांची व्यवस्था आहे, अंतर सुमारे 4.4 प्रकाशवर्षे. त्यांच्या उजवीकडे वर एक पुसट ठिपका आहे. तो तारा नाही, सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोल गुच्छ आहे, सतराएक हजार प्रकाशवर्षांवरचा. त्याच्याकडे सरळ रोखून पाहिले तर तो विरतो आणि नजर किंचित बाजूला नेली की उजळतो, कारण अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशी नजरेच्या ऐन मध्यात नसतात. हा ठिपका मला पहिली तीन वर्षे सापडला नव्हता. मी त्याच्याकडे फार रोखून पाहत होतो.

तिथूनच मी धावायला लागतो. कालव्याच्या कडेने 6 किलोमीटर, परतीच्या वाटेसह. पाळी संपवून धावतो म्हटल्यावर घरच्यांना ती वेडगळ गोष्ट वाटली, आणि पहिल्या वर्षी ती तशीच होती. आठ तास उभे राहून आलेल्या पायांनी मी रोज आधीच्या दिवसापेक्षा लवकर परतण्याचा हट्ट धरला, आणि डिसेंबरात उजव्या पोटरीचा स्नायू धरला तो फेब्रुवारीपर्यंत सुटला नाही. त्यानंतर मी शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावू लागलो. पावसाळ्याच्या अखेरीस साताऱ्याला जी डोंगरी हाफ मॅरेथॉन होते, यवतेश्वरचा घाट चढून जाणारी 21 किलोमीटरची, ती पहिल्यांदा मी 2 तास 48 मिनिटांत कशीबशी पूर्ण केली. मागच्या वर्षी 2 तास 17 मिनिटे लागली. मधल्या चार वर्षांत वेगाचा सराव मी आठवड्यातून एकदाच केला. उरलेले सगळे धावणे या अंधारातले, संथ, कोणी न पाहिलेले.

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या 3,000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, प्राथमिक फेरीत 9 मिनिटे 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत 9 मिनिटे 22.74 सेकंदांत त्या दहाव्या आल्या. माझ्यासारख्याने त्यांच्याशी तुलना करू नये हे मला समजते. पण ती शर्यत मी रात्री प्रयोगशाळेत ओव्हरहॉलिंगच्या, म्हणजे हंगामाबाहेर यंत्रे दुरुस्त करण्याच्या, दिवसांत पाहिली होती, आणि दुष्काळी माणातल्या रस्त्यांवर किती वर्षांची धाव त्या नऊ मिनिटांमागे असेल, या विचाराने मला रडू आले होते. पोटरी दुखावल्यावर मी धावणे सोडले नाही, त्यात त्या शर्यतीचा वाटा आहे.

कामातही मी हेच उशिरा शिकलो. नवखा असताना एका रात्री पॅन, म्हणजे रस उकळून साखरेचा दाणा तयार करायचे बंद भांडे, लवकर उतरवण्याच्या नादात मी सिरप भराभर ओढायला लावले. निर्वात पॅनमध्ये रस साधारण 60 ते 70 अंशांवर उकळतो आणि बीज म्हणून सोडलेल्या बारीक कणांवर साखर थराथराने बसत जाते. रसाची संपृक्तता एकदम वाढली, तर साखर जुन्या कणांवर बसण्याऐवजी नवे, पिठासारखे कण तयार करते. त्याला आम्ही खोटा दाणा म्हणतो. दाणा आणि मळी वेगळी करणाऱ्या गरगर फिरत्या यंत्राच्या, सेंट्रिफ्यूगलच्या, जाळीतून तो मळीबरोबर निघून जातो आणि उतारा, म्हणजे उसामागे मिळणारी साखर, घसरतो. पॅनमन मामांनी मला दोनदा सांगितले होते, "साहेब, दाणा बसू द्या, वढू नका." मी ऐकले नाही. त्या रात्रीचा सगळा पाक पुन्हा विरघळवावा लागला, आणि मामांनी दुसऱ्या दिवशी वरिष्ठांसमोर त्याचा उल्लेखही केला नाही. आपल्या भागात शंभर किलो उसातून 11 ते 12 किलो साखर निघते. त्यातला दशांश टक्का इकडचा तिकडे झाला तरी हजारो शेतकऱ्यांच्या बिलावर परिणाम होतो. नवी जागा त्या दशांशाची जबाबदारी आहे, आणि ती पेलायची माझी तयारी झाली आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मग अडते कुठे, हे आज कालव्यावर उभे असताना उमगले. धावणे आणि आकाश या नोकरीबाहेरच्या, माझ्या खासगी गोष्टी आहेत, असे मी आजवर धरून चाललो होतो. त्या नोकरीनेच दिलेल्या आहेत, आणि नोकरीत वर चढलो की त्या परत कराव्या लागणार आहेत. सकाळी आठच्या माणसाला पहाटे चारला उठून कालव्यावर जाता येईल, पण पाळी सुटल्यावर अंगावर मळीचा वास घेऊन, दुसऱ्याच्या हाती चार्ज देऊन, पुढचे आठ तास कशाचीही जबाबदारी नसलेल्या मनाने आकाशाखाली उभे राहणे त्याला मिळणार नाही. डेप्युटी चीफला रात्री दोन वाजताही फोन येतो. ही किंमत लहान नाही, आणि तिला लहान म्हणून मला होकार द्यायचा नाही. सोमवारी होकार देणार आहे. मुलगी आठवीत आहे, हंगामातल्या कितीतरी संध्याकाळी तिने मला घरी पाहिलेले नाही, असे ती परवा हिशेब करून म्हणाली.

माझ्या पाळीवर जो तरुण केमिस्ट येणार आहे, त्याला आज चार्ज देताना नोंदवहीबरोबर एक वेगळा कागदही दिला. फाटकातून बाहेर पडून पाणंदीने कालव्यापर्यंत जायचे, मोबाइल खिशात ठेवायचा, अर्धा तास थांबायचे. पुढच्या हंगामाच्या पहिल्या आठवड्यात दक्षिणेला व्याधाच्या खाली जो एकटा ठळक तारा दिसेल तो अगस्ती, आणि मार्चमध्ये त्याच दिशेला मित्र. त्याने कागद पूर्ण वाचला आणि पाणंदीत कुत्री आहेत का, असे विचारले. दोन आहेत, असे मी सांगितले, चार दिवस भुंकतात आणि मग बरोबर चालू लागतात.