‘आमचं मेसेजिंग कमी पडतं’

आरडाओरडा मला सांभाळता येतो. घाम फोडतं ते एक साळसूद वाक्य: ‘आमचं मेसेजिंग कमी पडतं.’

परवा मी चालवलेल्या रेड-ब्लू कार्यशाळेत, म्हणजे रिपब्लिकन (लाल) आणि डेमोक्रॅट (निळे) यांना एकत्र बसवणाऱ्या कार्यशाळेत, वॉशिंग्टनच्या खासदारांच्या ऑफिसांतले सहाय्यक होते. आठ रिपब्लिकन आले, सहा डेमोक्रॅट. दोन रिपब्लिकनांना निरीक्षक म्हणून कडेला बसवलं. संख्या विषम असली की कमी असलेली बाजू सुरुवातीलाच बचावाला लागते आणि दिवसभर त्यातून बाहेर येत नाही.

ही पद्धत बिल डोहर्टी या मिनेसोटातल्या कौटुंबिक समुपदेशकाने बसवली. पहिली कार्यशाळा 2016च्या निवडणुकीनंतर ओहायोत झाली. आधी गट वेगवेगळे बसतात आणि ‘समोरचे आपल्याला काय समजतात’ ते चार्ट पेपरवर लिहितात. त्यापुढे दोन रकाने: खरं काय, आणि त्या आरोपात तथ्य किती. शेवटच्या रकान्याशी साधा मतदार अडखळतो, मग लिहितो. ही मंडळी अडखळतच नाहीत! ‘वंशवादी’च्या पुढे एकाने लिहिलं, ‘काही समाजघटकांपर्यंत पोहोचण्यात मर्यादा’. विचारलं, प्रेस रिलीजमध्ये चालेल हे? चालेल म्हणाला. मग खोड, म्हटलं.

दुपारी एक गट आतल्या वर्तुळात बोलतो, दुसरा भोवती गप्प बसतो. आतल्यांनी विरोधकांबद्दल चकार शब्द काढायचा नाही, बाहेरच्यांनी मानही डोलवायची नाही. ‘स्वतःच्या बाजूबद्दल तुम्हाला काय खटकतं?’ या प्रश्नावर दोन्ही गटांकडून मेसेजिंगचं ते वाक्य जसंच्या तसं आलं. धोरणं उत्तम, लोकांनाच कळत नाहीत! यात खटकणं कुठलं, हे तर मतदारांवर खापर. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. एक ओळ फुटली तर प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत उमेदवार निवडीत, साहेबांना भोवते आणि यांची नोकरी जाते. फोन टोपलीत ठेवले होते, कागद फाडणार हेही सांगितलं होतं. तरी कोणी मोकळं होईना.

शेवटी एक जुना रिपब्लिकन सहाय्यक बोलला. विरोधात असताना त्याने भाषण लिहिलं होतं: शेकडो पानांचं विधेयक मतदानाच्या आदल्या रात्री हातात देतात, वाचायचं कधी? ‘सत्ता आली, आम्हीही तेच करतो. भाषण अजून कॉम्प्युटरवर आहे.’ बाहेरच्या वर्तुळात एक डेमोक्रॅट बाई फस्‌कन हसल्या. नियमाप्रमाणे टोकलं. पण दिवसातलं सगळ्यात खरं उत्तर ते हसूच होतं की काय, हे डोक्यातून जात नाही.

अशी एक दुपार कितपत टिकणार? 2019 ते 2022 दरम्यान अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहाच्या आधुनिकीकरण समितीत दोन्ही पक्षांचे सहा-सहा सदस्य होते. ते पक्षाप्रमाणे दोन बाजूंना न बसता एकाआड एक बसत, कर्मचारीवर्गही सामायिक होता. समितीने 202 शिफारशी केल्या. बाकीच्या बहुतेक समित्या आजही दोन फळ्या करूनच बसतात.

पुढच्या खेपेसाठी ऑफिसांना कळवलंय: इंटर्न पाठवू नका, मसुद्यावर ज्याची लेखणी चालते त्यालाच पाठवा. मोजकीच नावं आलीत.