स्टॉकहोममध्ये १३ नंबरची ढाल शोधताना

स्टॉकहोमला तीन दिवस होतो, त्यातली एक दुपार मी हट्टाने रिद्दरहुसेतला दिली, म्हणजे स्वीडिश सरदार घराण्यांचं जुनं सभागृह. नवरा म्हणे, दुसऱ्यांच्या कुलवृत्तांतात आपलं काय काम? आता आमच्या माहेरी कुलवृत्तांताचा जाडजूड ठोकळा देवघराशेजारी ठेवलेला असतो, त्यामुळे ही खोड जुनीच.

मेट्रोने गामला स्तानला उतरायचं, तिथून चालत पाचेक मिनिटं. पण टायमिंग साइटवर बघूनच निघा, बाहेरच्यांसाठी फार थोडा वेळ उघडं असतं, आम्ही पहिल्या दिवशी न बघता गेलो आणि बंद दारासमोर फोटो काढून परत.

वरच्या हॉलमध्ये भिंत दिसतच नाही, नुसत्या तांब्याच्या पत्र्यावर रंगवलेल्या ढाली, प्रत्येक घराण्याची एक, नंबरासकट, २,३०० च्या वर! सिंह, मुकुट, तलवारी, काय वाट्टेल ते. मला हवी होती १३ नंबरची, नाट ओ दाग घराण्याची. नावाचा अर्थ रात्र आणि दिवस. मान दुखेपर्यंत शोधली आणि सापडली तर काय, वर सोनेरी, खाली निळा, बास. एवढ्या गर्दीत तीच सगळ्यात साधी.

गंमत म्हणजे ढाल आधीची, आडनाव नंतरचं. घराणं १२८० च्या सुमारास होऊन गेलेल्या सिगट्रिग बेंग्टसोनपासून मोजतात, म्हणजे आज हयात असलेल्या मूळ स्वीडिश सरदार घराण्यांत सगळ्यात जुनं, पण 'नाट ओ दाग' हे आडनाव लावायला लागले ते थेट अठराव्या शतकात. तोवर आपलं स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, संपलं. १४३६ साली शेतकऱ्यांचा पुढारी एंगेलब्रेक्ट याला कुऱ्हाडीने मारणारा मोन्स बेंग्टसोन याच घरातला (असं आमच्या ठोकळ्यात कुणी छापलं नसतं). स्वीडनचा राज्यकारभार बघणारा स्टेन स्तूरे (इतिहासात 'धाकटा' म्हणतात तो) हाही यांच्यातलाच, पण 'स्तूरे' नावाला वजन होतं म्हणून त्याने ते उचललं. तो १५२० मध्ये डॅनिश सैन्याशी झालेल्या लढाईतल्या जखमेने गेला आणि त्याच नोव्हेंबरात डॅनिश राजाने स्तूर्तोरिएत चौकात ८०-१०० माणसं मारली, स्टेनचं प्रेतसुद्धा उकरून जाळलं.

तो चौक इथून जवळच आहे, लगेच जाऊन या. दगडी चढ आहे, चपला नकोत. कॅश नेऊ नका, कार्डच चालतं. आणि हवा तो घराण्याचा नंबर आधीच लिहून न्या, नाहीतर नुसते फिरत बसाल. उंचावरच्या ढालींना मोबाईलचा झूम कामाला येतो.