गिगला उभं कुठं राहायचं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला इंडी रॉक, म्हणजे स्वतंत्र बँडचं रॉक, गिगला म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रमात ऐकायचं तर बहुतेक वेळा गोवा, पुणे किंवा बेंगळुरू गाठावं लागतं. इतकं लांब जाऊन मंडळी स्टेजला चिकटतात आणि मग शब्दच कळत नाहीत. ज्या जिल्ह्यात कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी आहे, तिथल्या श्रोत्यानं शब्दांवर पाणी सोडू नये.

छोट्या हॉलमध्ये ड्रम्सचा आणि गिटारच्या अँपचा (आवाज वाढवणाऱ्या पेटीचा) आवाज थेट स्टेजवरून अंगावर येतो. गायकाचा आवाज मात्र दोन्ही बाजूंच्या स्पीकरच्या बॉक्समधूनच बाहेर पडतो आणि बॉक्सचं तोंड मागच्या गर्दीकडं असतं. म्हणून अगदी पुढं, मधोमध उभं राहिलं की ड्रम्सवरच्या धातूच्या थाळ्या, म्हणजे सिंबल, कान फाडतात, गिटार धडकते आणि गाणं डोक्यावरून निघून जातं.

सर्वांत चांगली जागा मिक्सरच्या, म्हणजे सगळे आवाज जुळवायच्या यंत्राच्या, दोन-तीन पावलं पुढं. साउंडवाला तिथं जे ऐकतो त्यावरच सगळं जुळवतो. पबमध्ये मिक्सर कोपऱ्यात कोंबलेला असेल तर दोन बॉक्समध्ये जितकं अंतर, साधारण तितकंच स्टेजपासून मागं या आणि मध्य धरा. भिंतीला टेकू नका, कोपऱ्यात तर नकोच. तिथं बास साठतो आणि सगळं घुमतं. बाल्कनीच्या छताखाली खूप आत गेलात तर वरचे सूर दबतात.

पहिल्या गाण्यावरून साउंडला नावं ठेवू नका. साउंड चेक, म्हणजे आधीची आवाजाची चाचणी, रिकाम्या हॉलमध्ये होतो. माणसं भरली की अंगं-कपडे वरचे सूर शोषून घेतात. साउंडवाल्याला ते सावरायला दोन-तीन गाणी लागतात. तिसऱ्या गाण्यानंतरही शब्द कळत नसतील तर खुशाल जागा बदला.

कानांचं मात्र आधीच बघा. ८५ डेसिबलचा आवाज कानांना आठ तास चालतो, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. रॉकच्या गिगला आवाज तिथवर सहज जातो. कापसाच्या बोळ्यानं काही होत नाही. औषधाच्या दुकानातले कानात घालायचे फोमचे प्लग कान वाचवतात, पण वरचे सूर जास्त कापतात, त्यामुळं गाणं बोथट लागतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग सगळे सूर सारखेच खाली आणतात. वारंवार जाणाऱ्यानं तेच घ्यावेत. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागं ओढा, प्लग आत सारा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवला तर उपयोग शून्य.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाहीत, म्हणून मैदानावरचे कार्यक्रम लवकर सुरू होतात. तिकिटाचा कोड घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या. गेटवर गर्दीत नेटवर्क बसतं. बेंगळुरूहून परतायला रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे. गोव्याहून चोर्ला घाटानं यायचं तर गाडी चालवणारा पुरेशी झोप झालेला आणि न प्यालेला हवा. वळणं आहेत, अंधार आहे आणि पावसाळ्यात धुकं. नाहीतर साखळीत किंवा पणजीत मुक्काम करा.

परतताना गाडीत मोठ्यानं गाणी लावू नका, कानांना विसावा लागतो. कानातली कुणकुण दोन दिवसांनीही थांबली नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.