तिसरा डोंगर

मे महिन्यात विंध्यात ट्रेक ठेवायचा तर पाचला चालायला लागलं पाहिजे. पण इंदूरकरांना घेऊन निघायचं म्हणजे आधी पोहे-जिलबी, त्यावर शेव किती याची चर्चा, मग बस. पायथ्याशी साडेसात. ऑफिसला सांगून जीभ झिजली.

महूकडचे तीन डोंगर, शेवटचा जानापाव. चंबळेचा उगम तिथे, परशुरामाचं स्थान तिथे, गाडीरस्ताही तिथवर. त्यामुळे फोटो सगळ्यांना तिथलेच हवे.

जंगल म्हटलं की लोक सावली गृहीत धरतात. इथला साग मेमध्ये नुसता खराटा. पानं सगळी उतारावर, आणि त्या वाळक्या पानांवरून पाय असा सटकतो की चढण्यापेक्षा उतरण्यातच दम जातो. मोहाला मात्र तेव्हा नवी पालवी असते, नाल्यात जांभूळ, करंज हिरवे असतात. म्हणून मी थांबे घड्याळावर नाही, झाडांवर ठरवते. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या बाटलीत ओतून ‘कडक’ करायचं नाही, हेही बसमध्ये सांगते. तेव्हा सगळे मोबाइलमध्ये.

दुसरा डोंगर उतरताना मी शेवटी होते. सकाळपासून सगळ्यांच्या पुढे पळणारा, मॅरेथॉनवाला मुलगा माझ्याजवळ दिसला. हा मागे कसा? बाटलीचं झाकण लावत होता. आटे बसेनात. पुन्हा तिरकं, पुन्हा तिरकं, आणि झाकणावरच चिडलेला.

“गाडी कुठे लावलीस सकाळी?”

“लावली ना.”

“अरे, पण कुठे?”

नुसता बघत राहिला.

मोहाखाली आडवं केलं, बूट-मोजे उतरवले, मानेला आणि काखेत ओले रुमाल, दोघांना टोप्यांनी वारा घालायला बसवलं. नीट बोलायला लागल्यावरच घोट घोट पाणी. अर्ध्या तासात हुशारला. तोवर मी ड्रायव्हरला जानापाववरून खालच्या गावात बोलावून घेतलं होतं. तिसरा डोंगर रद्द, आधी महूला डॉक्टर.

“मॅडम, आम्ही सिंहगड चढलेली माणसं,” त्याचे रामबागेतले काका म्हणाले. “पोरगं ठणठणीत आहे, बघा की!” बाकीच्यांनी री ओढली. पुढे ऑफिसने सगळ्यांना अर्धे पैसे परत दिले आणि मला ‘थोडं लवचीक राहा’ म्हणून सांगितलं. हे एसीत बसून.

दवाखान्यात सलाईन चालू असताना काका बाहेर ड्रायव्हरशी हुज्जत घालत होते. मुलाने हळूच विचारलं, “ताई, दुसरा डोंगर आपण कुठून उतरलो?”

अख्खी उतरण त्याच्या डोक्यातून गेली होती. मी म्हटलं, आधी हे डॉक्टरांना सांग. त्याने सांगितलं. त्यांनी रक्त तपासायला घेतलं, उन्हात पळणं बंद केलं. बाहेर येताना म्हणाला, “काकांना नका ना सांगू. घरचे कायमचंच बंद करतील.”

अहवालात मी ‘एकास उन्हाचा त्रास’ एवढंच लिहिलं. काका अजून भेटेल त्याला घाबरट लीडरणीची गोष्ट सांगतात. परवा ऑफिसात माझ्यासमोरच सांगत होते. मुलगा शेजारी उभा होता, बुटांकडे बघत.