तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडे खुळखुळा का मिळत नाही

‘पाळणा आहे, चौरंग आहे, ठेवणीची पेटी आहे, मग खुळखुळा आणि चिमणाळं (पाळण्यावर टांगायच्या चिमण्या) का नाही? बारशाचा आहेर पुरा कसा होणार?’ असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. पूर्वी माझ्या दुकानात या दोन्ही वस्तू मिळायच्या. ते लक्षात असलेली जुनी गिऱ्हाइकं जरा रागावूनच विचारतात. बरीच वर्षं मी ‘सध्या शिल्लक नाही’ असं लिहून मोकळी होत होते. ते खोटं होतं. २०२१ च्या उन्हाळ्यापासून मी त्या वस्तू विकणंच थांबवलंय. का, ते आज एकदाच नीट सांगते. म्हणजे पुढच्या वेळी खोटं लिहायला नको.

दिवसांचा आणि खर्चाचा प्रश्न आधी उरकते, कारण तोही सारखा येतो. ऑर्डर दिल्यापासून माल निघायला अठरा-वीस दिवस लागतात, कारण मी गुजरातमधल्या संखेड्याहून, लाखेच्या लाकूडकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाहून, वस्तू करवून घेते, तयार माल भरून ठेवत नाही. कुरिअरवाले खोक्याचं वजन काट्यावर करतात आणि आकारावरूनही धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं, आणि दोन्हींतला मोठा आकडा लावायचा. बाहुलीच्या पाळण्याचा ६० बाय ४५ बाय ४० चा खोका काट्यावर सात किलो भरतो आणि बिलात साडेएकवीस किलोंच्या वर जातो. ‘एवढ्याशा पाळण्याला एवढं भाडं?’ याचं उत्तर इतकंच आहे. त्यात माझा एक पैसा नाही.

आता खुळखुळ्याचं.

२०१९ मध्ये बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी हे दुकान सुरू केलं. संखेडा बडोद्याहून डभोईमार्गे तासा-दीड तासावर. लहानपणापासून घरात संखेड्याचा झोपाळा, लग्नात रुखवतात संखेड्याचे पाट, त्यामुळे मला वाटायचं की या कामातलं मला सगळं कळतं. प्रत्येक वस्तूखाली ‘कशाची बनली आहे’ हे लिहायची जागा असते. ती मी एका रात्रीत भरून टाकली. बाकीची दुकानं काय लिहितात ते पाहिलं आणि तसंच लिहिलं. खुळखुळ्याखाली लिहिलं होतं: ‘सागवान, लाख. १०० टक्के नैसर्गिक. बाळासाठी सुरक्षित.’

यातल्या पहिल्या दोन गोष्टी मला माहीत होत्या. नंतरच्या दोन मी कुणालाही विचारल्या नव्हत्या.

मे २०२१. करोनाची दुसरी लाट. नाशिकच्या एका मुलीने तिच्या सहा महिन्यांच्या लेकीसाठी लाल-सोनेरी खुळखुळा मागवला. बारसं साधंच झालं होतं, कुणाला बोलावता आलं नव्हतं, म्हणून निदान आता एक छान वस्तू घेते म्हणाली. पैसे भरण्याआधी तिने विचारलं होतं, ‘ताई, दात येतायत, ती सगळं तोंडात घालते. चालेल ना?’ मी लिहिलं, ‘अगदी निर्धास्त राहा.’ हे तीन शब्द माझ्या फोनमध्ये अजून आहेत.

पार्सल पोचलं त्या रात्री अकराच्या सुमारास तिचा फोटो आला. बाळाचे ओठ, हनुवटी आणि अंगातल्या झबल्याचा गळा, सगळं लाल. मला आधी रक्तच वाटलं. मग खाली तिचं वाक्य दिसलं: ‘रंग सुटतोय. तुम्ही तर नैसर्गिक म्हणाला होतात.’

मी त्यावर काय लिहिलं? ‘तुम्ही कशाने पुसलंत?’

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. मी चार मिनिटांत दिली, आणि त्या चार मिनिटांत ‘बाळ कसं आहे?’ हे मला सुचलं नाही. आधी स्वतःचा माल वाचवावासा वाटला. हे लिहिताना अजून अंगावर काटा येतो, पण ते झालंय आणि मीच केलंय. तिने उत्तर दिलं, ‘सॅनिटायझरने. सगळी पार्सलं तशीच पुसतो.’ त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं काहीच नाही. मग मी बाळाची चौकशी केली. डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं होतं, बाळ खेळत होतं, दूध पीत होतं. दुसऱ्या दिवशी मी पैसे परत केले. तिने ‘मिळाले’ एवढंच लिहिलं. त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही.

आता माझी बाजू सांगते, आणि ती खरी बाजू आहे. लाख पाण्यात विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. फ्रेंच पॉलिश करणारा कुठलाही सुतार हेच करतो. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून ठेवतो आणि तेच लाकडावर फिरवतो. सॅनिटायझर म्हणजे बहुतांश अल्कोहोलच. त्याने पुसलं की लाखेचा थर मऊ होतो, सुटतो, आणि त्याखालचा रंग मोकळा होतो. म्हणजे त्या मुलीला ज्यावरून माल नकली वाटला, तीच अस्सल लाखेची खूण होती. त्या रात्री मला हे अर्धवट ठाऊक होतं, म्हणून तर ‘कशाने पुसलंत’ हे तोंडातून निघालं.

पण मग ते आधी का नाही सांगितलं? त्या वर्षी घरोघर सॅनिटायझर होतं. आलेलं प्रत्येक पार्सल लोक पुसत होते, मी स्वतः पुसत होते. ‘स्पिरिट, सॅनिटायझर लावू नका’ एवढी एक ओळ लिहिलेली चिठ्ठी खोक्यात घालायला किती लागतं? मलमलीत गुंडाळल्याशिवाय बबल रॅप लावायचा नाही हे मला कळत होतं, कारण उन्हाळ्यात ट्रकमध्ये तापून लाख मऊ पडते आणि तिच्यावर बुडबुड्यांचे ठसे उठतात. वस्तूची चमक जाऊ नये म्हणून मी एवढी काळजी घेत होते.

जूनमध्ये निर्बंध सैल झाल्यावर मी संखेड्याला गेले. ज्यांच्याकडून माल घेते ते काका सत्तरीचे आहेत, घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. मी फोटो दाखवला. त्यांनी काही न बोलता कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि एका नव्या खुळखुळ्यावर घासला. बोळा लाल झाला. मग फळीवरून खुर्चीचा एक पाय काढला, शहरातल्या दुकानदाराने मागितलेला, वरून पीयू (पॉलियुरेथेनचं कारखानी पॉलिश) मारलेला. त्यावर घासला. काही नाही, बोळा पांढराच. ‘आ साची लाख छे बेन, एटले ज ऊतरे छे,’ काका म्हणाले. ही खरी लाख आहे, म्हणूनच उतरते. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, आणि तो असायलाच हवा.

मग मी पहिल्यांदाच विचारलं, की लाखेच्या खाली काय आहे?

त्यांनी दाखवलं. सोनेरी दिसते ती नक्षी सोन्याची तर नाहीच, सोनेरी रंगाचीही नाही. कथील कुटून, खळीत कालवून ते कुंचल्याने काढतात. वाळल्यावर ती रुपेरी दिसते. अकीकाच्या दगडाने घोटून तिला झळाळी आणतात. मग लेथवर फिरत्या लाकडावर लाख चढवली, केवड्याच्या पानाने ती सारखी केली, की लाखेच्या पिवळसर थरातून तेच कथील सोन्यासारखं दिसायला लागतं. आयुष्यभर मी ते पाट पाहिले होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी बघतच राहिले. आणि लाल? लाल रंग बाजारातला. सुटा, कागदाच्या पुडीतला, पुडीवर नाव नाही. ‘काका, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.’ ते म्हणाले, ‘बेन, तमे पूछ्युं ज क्यां हतुं?’ तुम्ही विचारलंच कुठे होतं?

मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी कधीच ‘नैसर्गिक’ म्हटलं नव्हतं. तो शब्द माझा होता.

परत आल्यावर मी त्याच लॉटमधले खुळखुळे प्रयोगशाळेत पाठवले. खेळण्यांच्या रंगातून शिसं, कॅडमियम, पारा अशी आठ मूलद्रव्यं किती सुटतात ते तपासतात. शिशाची मर्यादा किलोला ९० मिलिग्रॅम. तपासणीला जेवढे पैसे गेले तेवढे मी वर्षभर खुळखुळे विकून मिळवले नसतील. अहवाल आला: सगळं मर्यादेच्या आत.

इथे तुम्ही म्हणाल, मग झालं की! माझा नवराही हेच म्हणाला. २०२१ च्या १ जानेवारीपासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा झाला, पण विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे. काकांकडे ते ओळखपत्र आहे. मला कुणी अडवत नाही. प्रयोगशाळेनेही अडवलं नाही. पण तो अहवाल त्या एका पुडीतल्या रंगाचा होता. पुढची पुडी कुठली, कुणी मिसळलेली, हे काकांना ठाऊक नाही आणि मलाही नाही. सूट मिळाली याचा अर्थ कुणी तपासलं असा होत नाही. मला तपासत राहणं परवडत नाही, आणि न तपासता ‘निर्धास्त राहा’ पुन्हा लिहिणं जमत नाही.

हे मी ज्या ठामपणे लिहितेय तेवढी ठाम मी नाही. खुळखुळे आणि चिमणाळ्याच्या चिमण्या काकांची सून रंगवायची, ते तिचे स्वतःचे पैसे होते. मी बंद केलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, की माझ्या कामात काय खोट होती? काही खोट नव्हती. आता ती नवरात्राच्या आधी दांडिया रंगवते, पण ते तीन महिन्यांचं काम. ज्या आया माझ्याकडून खुळखुळा घेऊ शकत नाहीत त्या बाजारातून प्लास्टिकचा घेतात, आणि तो तरी कुठे मी तपासलाय? चिमणाळं तर पाळण्याच्या वर टांगलेलं असतं, बाळाचं तोंड तिथवर पोचतही नाही. मग ते का बंद केलं? याला माझ्याकडे धड उत्तर नाही. एवढंच, की टांगलेली चिमणी कधीतरी दोरा तुटून खाली पडते आणि ती सरळ तोंडात जाते, हे मी आमच्याच घरात पाहिलंय.

त्या उन्हाळ्यानंतर सगळ्या वस्तूंखालचा मजकूर मी नव्याने लिहिला. ‘लाख ही किड्यांच्या स्रावापासून मिळते’ हेही लिहिलं. त्यावरून दोन जैन कुटुंबांनी चौरंगाच्या ऑर्डरी रद्द केल्या. वाईट वाटलं, पण त्यांना ते माझ्याकडून कळलं हे बरं झालं. पाळण्याखाली लिहिलंय की कठडा चावू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसा, स्पिरिट लावू नका. ‘एवढ्या सूचना वाचून घ्यावंसंच वाटत नाही’ असं एका आजींनी फोनवर सांगितलं. त्यांनी घेतलाही नाही.

गेल्या महिन्यात काकांनी स्वतःहून बोलावलं. नातवाने रंगाचे डबे आणलेत, खाण्याच्या पदार्थात चालतात ते. डब्यावर कंपनीचं नाव आहे, बॅच नंबर आहे. काकांनी ते रिकामे झाल्यावरही फेकू दिलेले नाहीत, फळीवर ओळीने मांडून ठेवलेत. त्या रंगाचे चार खुळखुळे मला दिले. सुनेने रंगवलेले, हिरवे आणि पिवळे. लाल तिने मुद्दामच टाळला असावा, मी विचारलं नाही. दोन तपासायला पाठवलेत, दोन माझ्या टेबलावर आहेत. तपासणीत ते पास झाले तर त्या चार खुळखुळ्यांच्या लॉटबद्दल मी सांगेन, बॅच नंबरसकट. पुढच्या लॉटचं मला आजही सांगता येणार नाही. म्हणून तुमच्या बारशाच्या तारखेला खुळखुळा माझ्याकडून मिळेल असं धरून चालू नका.